"18 इंची चेन द्या" म्हटलं की चेन मिळत नाही

पावसाळा तोंडावर आला, की आमच्या सीमाभागात शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चेनसॉचा (इंजिनावर चालणाऱ्या चेनच्या करवतीचा) एक मेसेज फिरायला लागतो. सांगणं असं: घ्यायचा तर 58 सीसीचा, 22 इंची बारचाच (बार म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती पट्टी) घ्या, बार मोठा तेवढी ताकद मोठी. चेन संपली की दुकानात इंच सांगा. लांब बारमुळे माणूस लाकडापासून लांब राहतो, म्हणून धोका कमी. आणि चेनला गाडीचं जळकं ऑइल चालतं. यातल्या बाकीच्या गोष्टी पैसे घालवतात, पण तिसरी माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

ताकद इंजिनात असते, बार ती फक्त खर्च करतो. बार लांबला की चेन लांबते, तिचं वजन आणि घर्षण वाढतं, लाकडात एका वेळी जास्त दात रुततात. इंजिन तेच असेल तर आरपीएम पडतात, क्लच घसरून तापतो. ऑइल पंपही तेवढाच, त्यामुळे टोकाकडचा भाग कोरडा पडून निळा पडतो. 35 ते 45 सीसीला 14 ते 16 इंच, 50 ते 60 सीसीला 18 ते 20 इंच, ही जोडी साधारण बरी. कंपनीच्या पुस्तकात जास्तीत जास्त किती इंच लिहिलंय, ते अंतिम मानावं. सीसीही तपासून घ्या. 58 म्हणून विकलेल्या मशीनच्या पुस्तकात बोअर (सिलिंडरचा व्यास) 45.2 आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 34 मिमी दिला असेल, तर हिशेब 54.6 सीसीचाच येतो.

आता इथल्या कामाचं बघा. खानापूर-चंदगड पट्ट्यात काजूची छाटणी, बांधावरची बाभूळ, निलगिरीचे खांब, रस्त्यावर पडलेल्या फांद्या. यातलं बहुतेक लाकूड 16 इंची बारच्या आवाक्यातलं. त्याहून जाड, आडवा पडलेला ओंडका दोन्ही बाजूंनी कापता येतो. मेसेजच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे: पडलेला ओंडका कापताना लांब बारने कमी वाकावं लागतं. जुन्या आंब्याचे बुंधे रोज कापणाऱ्याला 20 इंची बार लागेलही, पण रोजच्या एवढ्या जड कामाला मग इंजिनही 60-70 सीसीचं हवं.

इंच सांगून चेन मिळते, ही समजूत सगळ्यात जास्त पसरलेली आहे. इंच ही बारची लांबी आहे, तीही मशीनच्या तोंडापासून टोकापर्यंतची. चेन ठरते तीन गोष्टींवर: पिच (लिंकमधलं अंतर, इंचात), गेज आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे बारच्या खाचेत फिरणाऱ्या कड्यांची, संख्या. 18 इंची बारचंच उदाहरण घ्या. .325 पिचला साधारण 72 लिंक लागतात, 3/8 ला 68 च्या आसपास, लो प्रोफाइल 3/8 ला 62. कंपनीप्रमाणे एक-दोन लिंक इकडेतिकडे. म्हणजे काउंटरवर नुसतं "18 इंची" म्हटलं की दुकानदार अंदाजानेच चेन देणार. आपल्याकडे मशीन गडहिंग्लजला किंवा ऑनलाइन घेतलेलं असतं आणि चेन घ्यायला माणूस बेळगावला जातो. अंदाज चुकला की एक दिवस आणि एसटीचं भाडं पाण्यात.

पिच मोजायला साधी पट्टी पुरते. लागोपाठच्या तीन रिव्हेट घ्या, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा, त्याचं निम्मं म्हणजे पिच. 16.5 मिमी आलं तर .325, 19 आलं तर 3/8. पण 19 आल्यावर लगेच निघू नका. लो प्रोफाइल 3/8 सुद्धा 19 च भरते. ती ठेंगणी असते, लहान मशीनवर येते आणि तिचा स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) वेगळा असतो. या दोन्हींची अदलाबदल करायची नाही.

गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या लिंकची जाडी: 1.3, 1.5 किंवा 1.6 मिमी. 1.3 च्या खाचेत 1.5 ची चेन शिरतच नाही, त्यामुळे चूक तिथेच कळते. उलटी चूक वाईट. 1.5 च्या खाचेत 1.3 ची चेन आरामात बसते, फिरतेही, पण एका अंगाला कलते. काप तिरका जातो, खाचेच्या कडा झिजतात, आणि माणूस उगाच दात घासत बसतो. बहुतेक बारच्या मागच्या टोकाला, मशीनच्या झाकणाखाली जाणाऱ्या भागावर, हे आकडे कोरलेले असतात. तेल-भुसा पुसून त्याचा फोटो काढा आणि तोच काउंटरवर दाखवा. दुकानदार कन्नड बोलो की मराठी, आकडे तेच. दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेटही बदलायचा.

जळक्या ऑइलचं थोडक्यात: त्यात धातूचा कीस असतो, तो पंपात आणि खाचेत जातो. ते चेनला नीट चिकटत नाही, टोकावरून उडून अंगावर, मातीत पडतं. कातडीलाही ते वाईट. चेन ऑइलच घाला.

राहिला धोका. चेन सेकंदाला सुमारे 20 मीटर वेगाने फिरते. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की दात अडकतो आणि बार उसळून वर, मागे, कापणाऱ्याच्या मानेकडे येतो. हे डोळ्याची पापणी लवण्याआधी होतं. बार लांब असला की टोक नजरेपासून दूर जातं, ओंडक्यापलीकडे मागच्या फांदीला लागलेलं दिसतच नाही. पडलेल्या काजूच्या गुंत्यात तर हे हमखास घडू शकतं. म्हणून फांद्या काढायला छोटा बार घ्या, टोकाने कापू नका, अंगठा पुढच्या हँडलखाली वळवून घट्ट धरा, डोकं बारच्या रेषेत आणू नका. रोज काम सुरू करण्याआधी मशीन जमिनीवर ठेवून दोन्ही हातांनी धरा, जरा रेस द्या आणि हँडल न सोडता डाव्या मनगटाने पुढचा गार्ड, म्हणजे चेनचा ब्रेक, पुढे ढकला. चेन जागेवर थांबली पाहिजे. थांबली नाही तर त्या दिवशी मशीन झाडाकडे न्यायचं नाही, मिस्त्रीकडे न्यायचं.