आमचे पाणी जोखले गेले

शहरात घरोघरी पाण्याचे मीटर बसवावेत की नाही, यावर झालेल्या जाहीर सभेत मीटरच्या बाजूने पहिला हात माझा वर गेला होता. नुसता हात वर करून मी थांबलो नाही, तर उभा राहून चार वाक्ये बोललोही. घराच्या आकारावरून ठरावीक पाणीपट्टी आकारायची म्हणजे एका बादलीत आंघोळ उरकणाऱ्याने नळ सोडून गप्पा मारायला जाणाऱ्याचे पैसे भरायचे, हा कुठला न्याय, असा माझा सवाल होता आणि त्याला बऱ्यापैकी टाळ्याही पडल्या. नळ सोडून गप्पा मारायला जाणारा तो माणूस म्हणून माझ्या डोळ्यांपुढे आमच्या शेजारचे काका होते, हे मी अर्थातच सभेत सांगितले नाही.

यथावकाश मीटर आला. बसवायला आलेल्या माणसाने अंगावरचा बाण पाण्याच्या दिशेला आहे ना, हे दोनदा तपासले, तोंडाशी गाळणी बसवली, आणि मग काचेवर बोट ठेवून मला धडा दिला.

"हे काळे आकडे घनमीटरचे. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. बिल यांच्यावर. लाल आकडे लिटरचे, ते तुमच्या करमणुकीला."

"आणि मधली ही चांदणी?"

"थेंबभर पाणी वाहिलं तरी ती फिरते. घरातले सगळे नळ बंद असताना फिरताना दिसली, तर समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय."

या वाक्यावर मी मोठ्याने हसलो. तो हसला नाही. त्याला रोज चाळीस घरे करायची असावीत.

मीटर बसला त्या दिवसापासून घरातली माणसे मला लिटरमध्ये दिसू लागली. मी एक वही घातली. चिरंजीव शॉवरखाली गेले की मी घड्याळ घेऊन न्हाणीघराच्या दाराशी उभा राहत असे, कारण शॉवरमधून मिनिटाला दहाएक लिटर पाणी सहज जाते, हे मी वाचले होते. आतून गाणे चालू असायचे आणि बाहेरून मी "पन्नास झाले! साठ झाले!" असा पुकारा करत असे. गाण्याचे दुसरे कडवे लवकरच बंद पडले. पत्नी भांडी घासताना नळ चालू ठेवते, याबद्दल मी अत्यंत सौम्य शब्दांत तिचे लक्ष वेधले, तेव्हा तिने तितक्याच सौम्यपणे स्क्रबर माझ्या हातात दिला. वहीतला तो रकाना त्यानंतर माझ्याच नावावर पडू लागला. आईकडे मात्र माझी डाळ शिजली नाही. "किती पाणी प्यायलीस, हे आजवर मला डॉक्टरांशिवाय कोणी विचारलं नव्हतं," एवढे बोलून तिने कूस बदलली.

काकांचा मीटरला तात्त्विक विरोध होता. नळ कोरडा पडला की पाइपात हवा भरते, पाणी सुटताना ती हवा पुढे ढकलली जाते आणि मीटरचे चाक त्या वाऱ्यानेही फिरते, म्हणजे आपण वाऱ्याचे पैसे भरतो, असे ते येता-जाता प्रत्येकाला सांगत. यात तथ्य नव्हते असे नाही. पाणी ठरावीक वेळीच सुटत असेल, तर चाक असलेल्या मीटरला ही खोड असतेच. पण "हे नवं खूळ" असे ते म्हणाले, तेव्हा मला राहवले नाही. विल्यम सीमेन्स नावाच्या अभियंत्याने पाण्याच्या मीटरचे पेटंट १८५१ च्या सुमारास घेतले होते, तेव्हा खूळ असलेच तर ते बरेच जुने आहे, हे मी त्यांना ऐकवले. त्यांनी माझ्याकडे सीमेन्सचा जावई असल्यासारखे पाहिले.

दोन महिन्यांनी पहिले बिल आले आणि माझ्या तोंडचे पाणी पळाले. माझ्या वहीप्रमाणे चार माणसांचा महिन्याचा हिशेब तेरा घनमीटर होता. मीटर म्हणत होता सत्तावीस.

मीटर खोटा आहे, याविषयी घरात प्रथमच सगळ्यांचे एकमत झाले. मी दहा लिटरची बादली दहा वेळा भरली, ओतलेले पाणी पिंपात साठवले (ते नंतर तीन दिवस पुरले) आणि लाल आकडे पाहिले. एकशे एक लिटर. नेहमीच्या प्रवाहाला चांगल्या मीटरची दोन टक्क्यांपर्यंतची चूक माफ असते. आमच्या मीटरला माफीचीही फारशी गरज नव्हती. उरलेले चौदा घनमीटर कोण वापरते, या प्रश्नावर मी रात्रीच्या जेवणात सर्वांच्या चेहऱ्यांवरून आळीपाळीने नजर फिरवली. कोणीही नजर चुकवली नाही, हे मला विशेष संशयास्पद वाटले.

त्या रात्री दोन वाजता, घर झोपलेले असताना, मी टॉर्च घेऊन मीटरपुढे उकिडवा बसलो. सगळे नळ मी स्वतः फिरून बंद केले होते. काचेखाली ती चांदणी फिरत होती. घाई नाही, गडबड नाही, पेन्शनर सकाळी फिरायला निघावा तशी. लाल आकडा एका लिटरने पुढे सरकायला बरोबर तीन मिनिटे लागत होती. तीन मिनिटांना एक, म्हणजे तासाला वीस, दिवसाला चारशे ऐंशी आणि महिन्याला चौदा घनमीटरांहून थोडे जास्तच. हिशेब इतका चोख जुळला की क्षणभर मला आनंदच झाला.

मग शोध. चिरंजीवांच्या चित्रकलेच्या पेटीतला निळा रंग मी फ्लशच्या टाकीत कालवला आणि फ्लश न ओढता स्टुलावर बसून राहिलो. दहा मिनिटांत भांड्यात पांढऱ्याशुभ्र चिनी मातीवरून एक निळी रेघ, केसाएवढी बारीक, मुळीच आवाज न करता उतरली.

या टाकीचा इतिहास मला सांगणे भाग आहे. पाच वर्षांपूर्वी तिचा तळाचा वॉशर सैल झाला, तेव्हा "एवढ्याशा कामाला प्लंबर कशाला" असे म्हणून मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तिथे बसवला होता आणि पुढे कित्येक दिवस पाहुण्यांना त्याची हकिकत सांगत होतो. ती गळती तेव्हापासून याच वेगाने चालू होती असे धरले, तर आठ लाख शहात्तर हजार लिटर पाणी होते. सभेत ज्याच्यासाठी बिचाऱ्या एका बादलीवाल्याला पैसे भरावे लागत होते, तो माणूस स्टुलावर बसून हा गुणाकार करत होता.

प्लंबरने वॉशर बदलायला चार मिनिटे घेतली. सायकलच्या ट्यूबचा तुकडा त्याने चिमटीत धरून उजेडाकडे नेला आणि "हे कोणी केलं?" असे विचारले. पत्नीने माझे नाव न सांगता फक्त माझ्याकडे पाहिले. मीटरची चांदणी त्या रात्री जागची हलली नाही. मी वही माळ्यावर टाकली आणि न्हाणीघरातून दुसरे कडवे पुन्हा ऐकू येऊ लागले.

आठवड्याने फाटकाशी काका भेटले. मी त्यांच्या हवेच्या सिद्धान्ताची चौकशी केली, पण आज त्यांना त्यात रस दिसला नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तो निळा रंग थोडा उरलाय का तुमच्याकडे?"