एरेटर लावला म्हणजे प्रश्न मिटला का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. सॅल्मनच्या (थंड पाण्यातला, समुद्रात जाळीच्या पिंजऱ्यांत पाळला जाणारा मासा) हृदयविकारावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगलंच झापलंय. विषाणू सापडला की हृदय गेलंच असं मी धरून चाललो, पिंजऱ्यातले मासे खरं तर प्राणवायू कमी पडून मरतात, म्हणजे एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावला की प्रश्न मिटला, आणि निफाडच्या शेततळ्यात रोहू-कटला पाळणाऱ्याला नॉर्वेच्या माशाशी काय देणंघेणं, असे तुमचे आक्षेप.

पहिला आक्षेप मान्य. पिसाइन ऑर्थोरिओव्हायरस, म्हणजे पीआरव्ही, सॅल्मनच्या तांबड्या रक्तपेशींत वाढतो. कॅनडात पॅसिफिक किनाऱ्यावरच्या त्याच्या सौम्य वाणाचा संसर्ग अटलांटिक सॅल्मनला मुद्दाम करून पाहिला होता; निष्कर्ष 2019 साली आले. रक्तात विषाणूची नुसती गर्दी, तरी पेशींची प्राणवायू वाहण्याची क्षमता जशीच्या तशी, हृदयात किरकोळ बदल, आणि श्वसनात म्हणावा असा फरक नाही. माझं वाक्य सरसकट होतं, ते आज दुरुस्त केलंय.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी भांडणार. नॉर्वेत पीआरव्हीमुळे हृदयाला आणि अंगाच्या स्नायूंना सूज येते. हा आजार तिथे 1999 मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या प्रयोगात, सूज चढत असलेल्या माशांची प्राणवायूची टंचाई सोसण्याची ताकद निरोगी माशांपेक्षा कमी भरली. म्हणजे विषाणू नुसता असणं वेगळं आणि हृदय सुजणं वेगळं.

असं का होतं, ते माशाच्या हृदयाच्या घडणीत आहे. माशाचं रक्त हृदयातून कल्ल्यांत, तिथून अंगभर आणि मग परत हृदयात येतं. सॅल्मनच्या हृदयाच्या बाहेरच्या घट्ट थराला स्वतःची रक्तवाहिनी असते. आतला स्पंजासारखा भाग मात्र अंगभर फिरून आलेल्या रक्तात जो प्राणवायू उरला असेल, त्यावर जगतो. घरात सगळ्यांची पानं उठल्यावर जेवायला बसणाऱ्या बाईसारखी त्याची गत. पाण्यातच टंचाई झाली की त्याच्या वाट्याला जवळजवळ काही येत नाही. दुसरा एक विषाणू, पिसाइन मायोकार्डायटिस व्हायरस म्हणजे पीएमसीव्ही, नेमका हाच स्पंजी भाग पोखरतो. त्यात बहुधा विक्रीला आलेले मोठे मासे जातात. कधी हृदयाचा कप्पा फुटून रक्त भोवती साचतं.

शिवाय प्राणवायू घटला की या कुळातले मासे हृदयाचे ठोके कमी करतात आणि एकेका ठोक्याला जास्त रक्त ढकलतात. सुजलेल्या भिंतीला तो जोर कुठून येणार?

हृदय अधू असलेला माणूस ओट्यावर बसून तासभर गप्पा मारतो, कुणाला शंकाही येत नाही. सप्तशृंगीच्या पायऱ्या चढायला लागला की कळतं. माणसाला आता तिथे फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, माशाला नाही. समुद्रातल्या पिंजऱ्यात माशांच्या अंगाला चिकटलेल्या समुद्री उवा काढण्यासाठी मासे एका कोपऱ्यात दाटीने गोळा करतात, किंवा भरती-ओहोटी थांबून पाणी हलेनासं होतं, तीच त्याची चढण. त्या दिवशी मासे मेले तर वहीत ‘प्राणवायू कमी’ असंच लिहिलं जाणार, आणि ते खोटंही नाही. पण त्याच पाण्यात बाकीचे का तगले, हे त्या नोंदीतून कळत नाही.

आता निफाड. पीआरव्ही रोहूला होतो असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण हिशेब बघा: 10 अंशाच्या गोड्या पाण्यात लिटरला साधारण 11.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 28 अंशाला 7.8, आणि आपण समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास असल्याने त्यातूनही थोडा वजा. पहाटे शेवाळानेही रात्रभर ओढलेला असतो. म्हणजे तुमच्या तळ्यात चढण रोज पहाटे येते.

तुमच्याच प्रतिक्रियेत कंसात एक ओळ आहे: ‘मे महिन्यात एरेटर चालू असतानाही चार मोठे कटले गेले, बाकी ठीक.’ मला त्या चारांत रस आहे. त्यांचं पोट उघडून कुणी पाहिलं का? पुन्हा असं झालं तर फुगलेला मासा नको, नुकताच मेलेला घ्या. कल्ले आणि हृदय काढून 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवा. डीप फ्रीजरमध्ये टाकू नका, पेशी फुटतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली काहीच समजत नाही. बाटलीवर तारीख आणि पहाटेची वेळ लिहा, आणि मला कळवा.