‘कंप्युटरला जोडला की फोन गेला’ : त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

कोल्हापुरातल्या गल्लीच्या, तालमीच्या, शाळेतल्या पालकांच्या बऱ्याच ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: फोनमधलं डेव्हलपर ऑप्शन आणि यूएसबी डीबगिंग कधीच चालू करू नका, हॅकर बँक खातं रिकामं करतो. फोन कंप्युटरला जोडून सिस्टिममध्ये हात घातला की तो कायमचा डेड होतो. कंपनीची अ‍ॅप्स काढली की वॉरंटी संपली. रूट करणं (फोनच्या सिस्टिमचा पूर्ण ताबा घेणं) गुन्हा आहे, जेल होते. हे सगळं इंजिनिअर लोकांचं काम, म्हणून फोन अडला की दुकानात न्यायचा आणि ‘सॉफ्टवेअर मारून’ (सिस्टिम नव्याने चढवून) घ्यायचं. शेवटी नेहमीचं, सर्वांना पाठवा.

यातला प्रत्येक मुद्दा थोडा थोडा खरा आहे, म्हणून तर लोक तो पुढे ढकलतात. मेसेजने तीन निरनिराळी कामं एकत्र कालवली आहेत. डीबगिंग चालू करणं एका बटणाने मागे घेता येतं. बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम चालू करणारा, कंपनीने कुलूप घातलेला प्रोग्राम) उघडला की फोनमधला डेटा पुसला जातो. आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बदलणं हा खराखुरा गुन्हा आहे. हे तिन्ही वेगळं ठेवलं की मेसेजमधली निम्मी भीती तिथेच गळून पडते.

हॅकरपासून सुरू करू. फोनने केबलवरून कंप्युटरच्या आज्ञा घ्याव्यात यासाठी गूगलने स्वतःच दिलेली सोय म्हणजे यूएसबी डीबगिंग. कंप्युटरवर त्यासाठी एडीबी नावाचा छोटा प्रोग्राम लागतो. गूगलच्या डेव्हलपर साइटवर तो ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ या नावाने फुकट मिळतो, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींसाठी. (तो तिथूनच घ्या. ‘ऑल इन वन क्रॅक टूल’ म्हणून जे फिरतं, त्यात काय भरलंय हे भरणाऱ्यालाच ठाऊक.) डीबगिंगचा पर्याय फोनमधल्या ज्या डेव्हलपर ऑप्शन मेनूत असतो, तो मेनू अँड्रॉइड ४.२ पासून मुद्दाम लपवलेला आहे. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारल्याशिवाय तो दिसत नाही, त्यामुळे चुकून चालू होण्याची भीती नाही.

चालू केला तरी कोणीही केबल लावली आणि आत शिरला, असं होत नाही. २०१३ च्या अँड्रॉइड ४.२.२ पासून नवा कंप्युटर जोडला की फोन पडद्यावर त्या कंप्युटरच्या डिजिटल चावीचा ठसा (ओळखीची अक्षरं) दाखवून परवानगी मागतो. फोनचं लॉक उघडून तुम्ही ‘अलाऊ’ दाबत नाही तोवर कंप्युटरवर ‘अनऑथराइज्ड’ एवढाच शब्द दिसतो. दिलेल्या सगळ्या परवानग्या त्याच मेनूतून एका फटक्यात रद्द करता येतात. सीबीएसवरच्या (मध्यवर्ती बसस्थानकावरच्या) चार्जिंग पॉइंटची धास्ती घेणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: अँड्रॉइड ६ पासून केबल लावल्यावर फोन आपणहून फक्त चार्ज होतो, फायली दाखवायच्या की नाही ते तुम्ही ठरवायचं.

मग यात धोका काहीच नाही का? आहे, पण मेसेज म्हणतो तिथे नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘एडीबी डॉट मायनर’ नावाचा किडा पसरला होता. तो केबलवरून आला नव्हता. ज्या टीव्ही बॉक्सवर आणि फोनवर नेटवर्कवरून डीबगिंग उघडं पडलं होतं, म्हणजे ५५५५ क्रमांकाचा पोर्ट जगाला खुला होता, तिथे तो शिरला आणि त्यांना आभासी चलन खणायला जुंपलं. घरातल्या स्वस्त टीव्ही बॉक्सच्या सेटिंगमध्ये हा पर्याय चालू असेल तर आजच बंद करा. दुसरं म्हणजे काही बँकांची अ‍ॅप्स डेव्हलपर ऑप्शन चालू दिसलं की उघडतच नाहीत. त्यामुळे काम झालं की बटण बंद करणं बरं. मेसेजचं या मुद्द्यावर एवढंच मान्य.

खाती रिकामी होतात ती दुसऱ्याच वाटेने, आणि मेसेजात नेमकी तीच वाट नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलन’ किंवा ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके फाइल (अ‍ॅप टाकायची फाइल) येते, आपण ती टाकतो, ती एसएमएस वाचायची आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची (पडदा वाचायची आणि बटणं दाबायची) परवानगी मागते, आपण ‘ओके’ दाबत जातो. ओटीपी तिथून जातो. असं झालं तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा, मग बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. मग अ‍ॅप शोधायचं. ते स्वतःचं चिन्ह लपवून बसलं असेल तर मेसेज ज्याला घाबरवतो तोच एडीबी कामाला येतो. बाहेरून टाकलेल्या सगळ्या अ‍ॅपांची यादी तो काढून देतो, आणि प्रत्येक अ‍ॅप प्ले स्टोअरवरून आलं की दुसरीकडून, तेही सांगतो. चिन्ह लपवलं तरी या यादीतून नाव लपत नाही.

आता ‘फोन कायमचा डेड’. हा मुद्दा नीट बघण्यासारखा आहे, कारण शिकणाऱ्याची खरी भीती हीच असते.

एडीबीच्या कितीतरी आज्ञा फक्त वाचतात, फोनवर काही लिहीतच नाहीत. ‘एडीबी डिव्हायसेस’ जोडलेला फोन दाखवते. ‘एडीबी शेल डम्पसिस बॅटरी’ बॅटरीची टक्केवारी, मिलिव्होल्ट आणि तापमान देते. तिथे ३१२ दिसलं तर घाबरू नका, ते ३१.२ अंश सेल्सिअस असतं, अंशाच्या दहाव्या भागात मोजलेलं. ‘एडीबी लॉगकॅट’ फोनच्या आत घडणारी प्रत्येक गोष्ट ओळीओळीने ओतत राहते. एखादं अ‍ॅप उघडताच बंद पडत असेल तर ते पुन्हा उघडायचं आणि ‘फेटल एक्सेप्शन’ हे शब्द शोधायचे. त्यांच्या आसपास कोणत्या अ‍ॅपने मान टाकली ते लिहिलेलं असतं. ‘फोन हँग होतोय’ या मोघम तक्रारीला इथे एक नाव मिळतं. शिकायची सुरुवात इथून करा. वाचून फोन मेल्याचं एक उदाहरण दाखवा, मी मेसेज स्वतः पुढे पाठवतो.

फोन लोगोवर अडकला म्हणजे मेला, हाही गैरसमज. ठरलेली बटणं दाबून तो रिकव्हरी, फास्टबूट किंवा सॅमसंग असेल तर डाउनलोड मोडमध्ये (दुरुस्तीसाठी ठेवलेल्या पडद्यावर) जात असेल, तर बिघाड बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा असतो आणि फोन परत येण्याची आशा चांगली असते. २०१६ मधल्या अँड्रॉइड ७ पासून पुष्कळ फोनांत सिस्टिमच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आली. अपडेट दुसऱ्या प्रतीवर चढतं, ते फसलं तर फोन पहिल्या प्रतीवर सुरू होतो. काही फोनांच्या रिकव्हरीत ‘अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी’ असा पर्याय असतो. कंपनीची अधिकृत अपडेट फाइल तिथून चढवली तर सिस्टिम नवी होते आणि फोटो जागेवर राहतात.

खराखुरा डेड फोन होतो, पण त्याची कारणं मोजकी आहेत. नावात एका अक्षराचा फरक असलेल्या दुसऱ्याच मॉडेलची फाइल चढवली. फ्लॅश (सिस्टिमची फाइल चढवणं) चालू असताना केबल निघाली किंवा बॅटरी संपली. बदललेली सिस्टिम तशीच ठेवून बूटलोडर पुन्हा लॉक केला. चौथं कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं: जुन्या आवृत्तीवर परत जाण्याची हौस. पुष्कळ फोनांत अँटी-रोलबॅक असतं, फोन आवृत्तीचा एक आकडा कायमचा लक्षात ठेवतो, आणि त्याहून जुनी फाइल चढवली की सुरूच होत नाही. मग फोनच्या चिपमधली तळातली सोय, म्हणजे क्वालकॉमचा ईडीएल मोड किंवा मीडियाटेकची तशीच सोय, एवढंच उरतं, आणि ते नवशिक्याचं काम नाही. हे सगळे अपघात लिहिण्याच्या टप्प्यावर होतात. मॉडेल नंबर अक्षरन् अक्षर जुळवा, बॅटरी भरलेली ठेवा, आवृत्ती पुढची घ्या.

बूटलोडर उघडताना डेटा पुसला जातो तो बिघाड नाही, तशीच रचना आहे. पुसला गेला नसता तर चोराने तुमचा फोन उघडून आरामात फोटो चाळले असते. उघडायचा असेल तर आधी बॅकअप घ्या. शिवाय प्रत्येक कंपनी उघडू देतेच असं नाही. हुआवेने २०१८ मध्ये त्यासाठीचे कोड देणं थांबवलं. शाओमीमध्ये खातं जोडून काही दिवस थांबावं लागतं. फोन घेण्याआधी हे बघावं.

एका बाबतीत दुकानदाराची बाजू घ्यावीच लागेल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांचे फोन पंचगंगेच्या पाण्यात भिजले, त्यांना कोणतीही केबल वाचवू शकली नसती. बोर्ड उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली हॉट एअरने आयसी बदलणं हे राजारामपुरी-शाहूपुरीतल्या कसबी हातांचं काम आहे. एडीबी त्याची जागा घेत नाही.

वॉरंटीचं थोडक्यात. डीबगिंग हा फोनच्या सेटिंगमधलाच पर्याय आहे, तो चालू केला म्हणून वॉरंटी जाण्याचं कारण नाही. कंपनीने भरलेली नको असलेली अ‍ॅप्स एडीबीने काढतो, तेव्हा ती फक्त तुमच्या वापरकर्त्यापुरती जातात. मूळ प्रत सिस्टिमच्या भागात तशीच राहते, एका आज्ञेने परत आणता येते आणि फॅक्टरी रीसेट केलं तर आपोआप येते. मात्र दिसेल ते काढत सुटू नका. सुरक्षेचं किंवा फोन शोधण्याचं अ‍ॅप काढलं तर काही फोन लोगोवर अडकतात. बूटलोडरची गोष्ट वेगळी, तिथे मेसेज बराचसा बरोबर आहे. सॅमसंगच्या नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेत एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज आहे. अनधिकृत सॉफ्टवेअर चढवलं की तो उडतो, परत जोडता येत नाही, आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी कायमच्या जातात. रूट केलेल्या फोनवर गूगलच्या प्ले इंटिग्रिटी (सिस्टिम बदललेली नाही ना, हे बघणाऱ्या) तपासणीमुळे बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप्स अडून बसू शकतात. ज्या फोनवर दुकानाचे पैसे येतात तो फोन रूट करू नका. कपाटातला जुना काढा.

कायद्याचा मुद्दा, म्हणजे ‘रूट केलं की जेल’, निव्वळ गोंधळ आहे. अँड्रॉइडचा मूळ कोड अपाची परवान्याखाली खुला आहे, त्याच्या तळाचा लिनक्स कर्नल जीपीएल २ या दुसऱ्या खुल्या परवान्याखाली. डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजेनमॉड ही अँड्रॉइडवर बेतलेली सिस्टिम बंद पडल्यावर त्याच खुल्या कोडावर लिनिएजओएस उभी राहिली आणि कंपन्यांनी सोडून दिलेल्या कितीतरी फोनांना तिने नव्या आवृत्त्या दिल्या. स्वतःच्या फोनवर दुसरी सिस्टिम टाकणं हा एक भाग. आयएमईआयशी खेळणं हा पूर्ण वेगळा भाग: २०१७ च्या नियमांनी ते थेट बंद केलं आणि दूरसंचार कायदा २०२३ मध्ये त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. म्हणून जुना फोन विकत घेताना स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून नंबर बघा, तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळवा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. ‘नंबर बदलून देतो’ म्हणणाऱ्याच्या दुकानातून तडक बाहेर या.

राहिला शेवटचा मुद्दा, इंजिनिअरचा. उद्यमनगरात ऑइल इंजिन उघडून परत उभं करणाऱ्या मिस्त्रींच्या गावात हा मेसेज फिरावा, याचं मला हसू येतं. आज्ञा इंग्रजीत टाइप कराव्या लागतात, पण त्या मूठभर आहेत, आणि पहिली अडचण बहुतेक वेळा केबलच असते. ‘एडीबी डिव्हायसेस’ची यादी रिकामी आली तर ती केबल नुसती चार्जिंगची, डेटाच्या तारा नसलेली असू शकते. केबल बरी असेल तर विंडोजमधला ड्रायव्हर बघा. नव्या सॅमसंगमध्ये डीबगिंगचं बटण फिकट दिसत असेल तर ‘ऑटो ब्लॉकर’ ही सुरक्षेची सेटिंग बंद करा. घरात कंप्युटरच नसेल तर अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डीबगिंग आहे, वाय-फायवर जोडी जुळवून दुसऱ्या फोनवरूनही हे करता येतं. फक्त अनोळखी वाय-फायवर ते चालू ठेवू नका.

आणि दुकानात सॉफ्टवेअर मारायला जाणारच असाल तर फोन काउंटरवर ठेवण्याआधी एक विचारा: डेटा राहणार की जाणार? सॅमसंगच्या फ्लॅश फायलींत ‘सीएससी’ आणि ‘होम सीएससी’ अशा दोन वेगळ्या असतात. पहिली फोन पुसते, दुसरी डेटा ठेवते. दुकानदार कोणती लावणार ते त्याच्याकडून आधी ऐकून घ्या, आणि ‘बघू’ असं उत्तर आलं तर फोन खिशात घालून पुढच्या दुकानात जा.