रंग कमी केले की साइज उतरतेच असं नाही

जिफची (हलत्या चित्राची) फाइल लहान कशी करायची यावरच्या या लेखात लिहिलंय की जिफमधले २५६ रंग ६४ वर आणा, साइज उतरते आणि डोळ्याला फरक कळत नाही. कार्टूनला ठीक आहे हो, पण ग्रेडियंटवर, म्हणजे एका छटेतून दुसरीत हळूहळू मिसळत जाणाऱ्या रंगावर, लावून बघा एकदा. गेल्या गणपतीत आमच्या गिरगावातल्या मंडळाचं निमंत्रण मी असंच केलं, मागे केशरी ग्रेडियंट, पुढे समई, तर बाप्पाच्या मागे चक्क पट्टे उमटले. मग डिदरिंग (नसलेल्या छटांचा भास व्हावा म्हणून असलेल्या रंगांचे ठिपके मिसळणं) ऑन केलं, पट्टे गेले पण फाइल उलट फुगली! कारण जिफचं एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल लहान करायची पद्धत, परत परत येणाऱ्या पिक्सेलवर चालतं आणि डिदरिंग नेमके तिथेच ठिपके पेरतं, हे लेखात कुठेच नाही.

शेवटी मागे सपाट केशरी टाकला, हलती फक्त ज्योत ठेवली, न बदलणारे पिक्सेल पुढच्या फ्रेम्समध्ये ट्रान्सपरंट केले आणि २४ फ्रेम्सच्या १२ केल्या (डिले, म्हणजे प्रत्येक फ्रेम दिसायचा वेळ, आधी दुप्पट करायचा विसरलो होतो, ज्योत पंख्याखाली ठेवल्यासारखी फडफडत होती). ५ एमबीची फाइल ७०० केबीवर आली, रंग मात्र १२८ च ठेवले, ६४ ला समईचं पितळ अगदी मातकट दिसत होतं.