एरिट्रियाच्या लढवय्या बायका : फोटो शेअर करता, पण पुढचं कोण सांगणार?

अफ्रो केस, हाफ पँट, पायात प्लास्टिकचे सँडल आणि खांद्याला कलाश्निकोव्ह. पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियाच्या मुक्तिलढ्यातल्या पोरींचे हे फोटो महिला दिन आला की फिरायला लागतात, खाली ‘नारीशक्ती’ वगैरे. फोटो खरे आहेत आणि त्या बायकाही तितक्याच जबरदस्त होत्या, त्यात वादच नाही. पण गोष्ट तिथेच थांबवली की मला राग येतो, कारण त्यांच्यावर खरा अन्याय झाला तो फोटोनंतर.

थोडं मागे जाऊ. एरिट्रिया आधी इटलीची वसाहत, मग ब्रिटिशांच्या ताब्यात, १९५२ मध्ये युनोने तिला इथिओपियाशी जोडलं आणि १९६२ मध्ये सम्राट हैले सेलासीने सरळ गिळून टाकलं. सशस्त्र लढा १९६१ लाच सुरू झालेला, तो चालला तब्बल तीस वर्षं. पुढे लढा ज्यांच्या हातात आला ती संघटना म्हणजे ईपीएलएफ (एरिट्रियन पीपल्स लिबरेशन फ्रंट). सत्तरच्या दशकात तिच्यात पोरी भराभर यायला लागल्या. कुणी इथिओपियन सैन्याचे अत्याचार बघून, कुणी घरच्यांनी कोवळ्या वयात ठरवलेलं लग्न टाळायला, कुणी भाऊ गेला म्हणून. शेवटी शेवटी लढणाऱ्यांत जवळपास तीस टक्के बायका होत्या. आणि नुसत्या भाकऱ्या थापायला नाही हं! खंदकात, रणगाड्यावर, ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये, ओरोटाच्या डोंगरात लपवलेल्या हॉस्पिटलमध्ये, सगळीकडे. पुरुष स्वयंपाक करायचे, बायका मशीनगन चालवायच्या, आणि ज्यांना अक्षर येत नव्हतं त्या खंदकात बसून लिहायला शिकल्या. १९७७ मध्ये संघटनेने स्वतःचा विवाह कायदा केला, बालविवाह बंद, मुलीच्या संमतीशिवाय लग्न बंद. त्याआधी तर लढणाऱ्यांना लग्नच काय, शरीरसंबंधही मना होते. नंतर लग्नं झाली तरी नवरा एका युनिटमध्ये बायको दुसऱ्या, मूल झालं की काही महिन्यांनी ते मागच्या तळावर सगळ्या पोरांबरोबर वाढायचं आणि आई परत आघाडीवर. किती आया परत आल्याच नसतील. या लढ्यात सुमारे ६५ हजार एरिट्रियन लढवय्ये मेले.

२४ मे १९९१ ला राजधानीचं शहर अस्मारा जिंकलं, १९९३ मध्ये सार्वमत होऊन देश स्वतंत्र झाला आणि मग सैन्य कमी करायचं म्हणून हजारो बायकांना थोडे पैसे देऊन घरी पाठवलं. घरी म्हणजे कुठे? सासूला ही सून नको, कारण हिला घरकाम येत नाही, ही उलट बोलते, ही रात्री पुरुषांबरोबर खंदकात झोपलेली. ज्या कॉम्रेडने साहेलच्या डोंगरात हिच्याशी लग्न केलं त्यालाच आता घरच्यांनी बघितलेली, लढ्यात न गेलेली तरुण मुलगी हवी. घटस्फोट भराभर झाले. काही जणींनी आपले पैसे एकत्र करून ‘बाना’ नावाची स्वतःची कंपनी काढली, म्हणजे धमक गेली नव्हती, पण शिकलेलं काम, गॅरेज असो की रेडिओ, गावात बाईला कोण देणार?

कायदे झाले हे मी नाकारत नाही. १९९४ च्या जमीन कायद्याने बायकांना पुरुषांइतकाच जमिनीचा हक्क दिला, २००७ मध्ये मुलींच्या खतन्यावर बंदी आली. चांगलंच झालं. पण माझं म्हणणं असं आहे की बायकांना समानता दिली ती लढाईला माणसं हवी होती म्हणून आणि ती वरून दिली. त्यांची महिला संघटनाही १९७९ पासून ईपीएलएफचीच शाखा, आणि ईपीएलएफच पुढे सत्ताधारी पक्ष झाली. मग पक्ष सत्तेत बसल्यावर पक्षाविरुद्ध बोलायला बायकांकडे स्वतःची अशी जागाच उरली नाही.

आणि जी बोलली तिचं काय झालं बघा. आस्तेर फिसेहात्सियोन. १९७४ मध्ये लढ्यात गेलेली, पक्षाच्या वरच्या फळीतली. २००१ मध्ये पंधरा जणांनी राष्ट्राध्यक्ष इसायास आफेवेर्कींच्या कारभारावर टीका करणारं उघड पत्र लिहिलं की राज्यघटना लागू करा, निवडणुका घ्या. त्या पंधरांत ही होती. १८ सप्टेंबर २००१ पासून अटकसत्र सुरू झालं, त्यात अकरा जणांना उचललं आणि त्यात ही एकटी बाई. आरोपपत्र नाही, खटला नाही, भेट नाही.

दुसरी आस्तेर योहानेस, तीही जुनी लढवय्यी. नवरा पेट्रोस सोलोमन त्याच अटकेत, ही अमेरिकेत शिकायला गेलेली, चार लेकरं अस्मारात. लेकरांसाठी ११ डिसेंबर २००३ ला ती परत आली आणि तिला विमानतळावरच अटक केली. पोरांना आईला भेटू दिलं नाही.

आता त्याच देशात मुलामुलींना लष्करी सेवा सक्तीची आहे, कागदावर १८ महिने, प्रत्यक्षात संपतच नाही, आणि २०१६ मध्ये युनोच्या चौकशी आयोगाने या सेवेतल्या बलात्कारांची आणि गुलामगिरीची नोंद मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हणून केली. ज्या पोरी बळजबरीच्या लग्नातून पळून बंदूक घ्यायला गेल्या त्यांच्याच लेकी आज बळजबरीच्या सैन्यातून पळून सुदानची सीमा ओलांडतायत.

म्हणून सांगते, ते फोटो शेअर करा, जरूर करा, पण खाली या दोघी आस्तेरची नावं लिहा आणि एरिट्रियाच्या सरकारने त्यांच्यावर एकही खटला न चालवता त्यांना डांबलं हेही लिहा.