बॉनेट उघडलं की कोरम होतो

सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधी फळ्यावर लागते. तरी कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब होते आणि मग कोरमशिवायच भरते. सेक्रेटरींना कोरम हवाच असेल, तर त्यांनी रविवारी सकाळी नऊ वाजता पार्किंगमध्ये कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडून त्याला काठी लावून ठेवावी. पाच मिनिटांत सगळे मजले खाली येतात. ज्यांनी आयुष्यात रिक्षाशिवाय वाहन केलं नाही, तेही हात मागे बांधून आत डोकावतात आणि "बेल्ट गेला असेल" म्हणतात.

गाडी मारुती आठशे असेल, तर गर्दी आणखी वाढते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुतीची चावी दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये आठशेचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत या गाडीत बसला नाही असा माणूस पार्किंगमध्ये सापडणं कठीण. त्यामुळे तिच्या इंजिनाबद्दल प्रत्येकाला माहेरच्या माणसासारखा अधिकार वाटतो. पहिला सल्ला ठरलेला असतो : "थरथरतेय बघा. माउंटिंग गेलं."

माउंटिंग, म्हणजे इंजिन जागेवर धरणारं रबर, गेलेलं नसतं. ७९६ सीसीचं ते इंजिन तीन सिलिंडरचं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो दांडा, १८० अंश फिरला की एक स्फोट होतो, तिनाच्या इंजिनात २४० अंशांनी. मधल्या पोकळीत गाडी जरा अंग झटकते, एवढंच. थरथर एका तालात असेल तर तिला हात लावू नये. ताल चुकायला लागला, म्हणजे गाडी मिसिंग मारायला लागली, की मात्र आधी प्लग काढून बघावेत. टोक मारी बिस्किटाच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय. तेलकट काळं असेल तर रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचे सील थकलेत. पांढरंफटक असेल तर इंजिन तापतंय किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. तीन प्लग, तीन मिनिटांचं काम. केबल काढताना तिघींना चिकटपट्टीवर नंबर घालावेत. फायरिंगचा क्रम १-३-२ आहे. केबल अदलाबदल झाल्या की गाडी सायलेन्सरमधून फटाके वाजवते आणि कोरमचं रूपांतर जत्रेत होतं. नवीन प्लग हातानंच शेवटपर्यंत फिरवायचा आणि पान्यानं फक्त अर्धा फेरा द्यायचा. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, मर्दुमकी दाखवली की आटे गेले.

माझं एक मत आहे आणि ते मी कोणत्याही पार्किंगमध्ये मांडायला तयार आहे : इंजिन महागड्या पार्टमुळे क्वचित मरतं. ते मरतं होजच्या क्लिपमुळे, रेडिएटरच्या झाकणामुळे, तळाशी तेल साठवणाऱ्या चेंबरच्या बोल्टखालच्या वॉशरमुळे. चहा-भजीच्या बिलात बसणाऱ्या या वस्तू हेड उतरवायला लावतात.

पण हे ऐकायला वेळ कुणाला? तोवर फियाटवाले काका पुढे सरकलेले असतात. प्रत्येक सोसायटीत एक फियाटवाले काका असतात. त्यांची पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. सकाळी चोक ओढायचा, पॉइंट घासायचे, पाच मिनिटं गाडी गरम करायची, मगच निघायचं, हे सगळं त्या गाडीसाठी अगदी खरं होतं. अडचण अशी, की काकांचं ज्ञान बाद झालेल्या नोटांसारखं आहे. खोटं नाही, पण आता कुठे चालत नाही. इंजेक्शनच्या गाडीला अर्धा मिनिट पुरतो. मग निघावं आणि तापमानाचा काटा वर येईपर्यंत पाय हलका ठेवावा. जागेवर दहा मिनिटं धूर काढत उभी राहिलेली गाडी गरम होतेच, पण हळूहळू, आणि तेवढा वेळ जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून तेल धुऊन चेंबरमध्ये नेत राहतं.

"ऑइल म्हणजे ऑइल. वीस-चाळीस टाका आणि विसरा," हे काकांचं दुसरं वचन. २०डब्ल्यू-४० जुन्या, सैल झालेल्या आठशेला मानवतं, यात वाद नाही. पण आजकालच्या छोट्या पेट्रोल गाड्यांच्या पुस्तिकेत ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० लिहिलेलं असतं, ते कंपनीनं गंमत म्हणून छापलेलं नाही. आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल थंडीत पातळ. या इंजिनांतल्या फटी आणि तेलाच्या वाटा बारीक असतात. तिथे घट्ट तेल म्हणजे अरुंद बोळात वरातीचा घोडा. सकाळी सेल्फ मारल्यावर वरच्या कॅमपर्यंत तेल पोचायला जो उशीर होतो, तेवढ्यात झीज होते. उलट, पातळ तेल दमलेल्या आठशेत घातलं की प्रेशरचा दिवा लुकलुकतो आणि मागून निळा धूर निघतो.

तेल तपासणं हा आपल्याकडे निव्वळ विधी झालाय. काठी ओढायची, बोटाला तेल लावून चोळायचं, आणि "काळं झालंय" असं गंभीरपणे म्हणायचं. तेल काळं होणारच, इंजिनातली घाण धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. बघायची ती पातळी. गाडी सपाट जागी हवी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली हवीत. काठी काढा, पुसा, पूर्ण आत घाला, परत काढा, मग वाचा. पहिल्यांदा काढलेली काठी खोटं बोलते. दोन खुणांमध्ये बहुतेक छोट्या गाड्यांत साधारण लिटरभराचं अंतर असतं, म्हणून एकदम डबा उपडा करू नये. वरच्या खुणेच्या पलीकडे गेलं की क्रँक त्या तेलाचं ताक घुसळतो, फेस होतो आणि पंप तेलाऐवजी बुडबुडे ओढतो. काठीवर दुधाळ कॉफी दिसली तर पाणी तेलात शिरलंय, हेड गॅस्केटकडे बघा. पावसाळ्यात दूध-भाजीपुरत्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या फक्त झाकणाखाली असा फेस दिसला, तर ती बहुधा वाफ असते. तासभर महामार्गावर फिरवून आणा, उडून जाते.

घरी तेल बदलणाऱ्यांसाठी एक जागा जरा जवळून दाखवतो. इंजिन कोमट असताना तेल सोडलं, वॉशर नवा घातला, जुना फिल्टर फिरवून काढला, इथवर सगळे ठीक येतात. आता त्या जुन्या फिल्टरच्या तोंडाकडे बघा. त्यावर काळी रबरी रिंग आहे का? नसेल, तर ती वर इंजिनालाच चिकटून राहिली आहे. अंधारात, काळ्यावर काळी, दिसत नाही. बोटानं चाचपावी लागते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रबरं एकमेकांवर बसतात. गाडी चालू होते, आवाज छान येतो, आपण हात धुवायला जातो आणि परत येईपर्यंत फरशीवर सगळं तेल. जुनी रिंग नखानं काढायची, नव्या रिंगला थेंबभर तेल चोळायचं, फिल्टर हातानं टेकेपर्यंत फिरवायचा आणि त्यापुढे हातानंच पाऊण फेरा. पाना लावायचा नाही. पान्यानं आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकूनच निघतो. आठशेत साधारण पावणेतीन ते तीन लिटर तेल बसतं. आधी अडीच घाला, मिनिटभर इंजिन चालवा, बंद करा, थांबा, काठी बघा, उरलेलं मग.

यानंतर पाण्याचा विषय निघतो आणि सभेत खरी फूट पडते. एक गट नळाच्या पाण्याचा, दुसरा बोअरच्या पाण्याचा, आणि एक वहिनी खिडकीतून सांगतात, "उकळून गार केलेलं घाला." वहिनींचं सगळ्यात जवळ जातं, तरी चुकतं. उकळल्यानं काही क्षार पातेल्याला बसतात, बाकीचे पाण्यातच राहतात आणि पुढे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. बोअरच्या पाण्यावर चाललेल्या रेडिएटरची आतली अवस्था बघायची असेल तर घरचा गीझर उघडावा. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मेनिम्मे, किंवा तयार मिश्रणाचा कॅन, एवढंच घालायचं. कूलंट इथे बर्फ होऊ नये म्हणून कुणी घालत नाही. तो गंज थांबवतो आणि उकळबिंदू वाढवतो. चवीला गोड असतो आणि विषारी असतो; सोसायटीच्या मांजराच्या वाटेत सांडू नका.

उकळण्याची खरी सूत्रं झाकणाकडे असतात. त्यातली स्प्रिंग सुमारे एक बार दाब धरून ठेवते. एवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. स्प्रिंग थकली की ही वीस अंशांची मुभा गेली, आणि गाडी घाटात शिट्टी देते. तापलेलं झाकण उघडलंत, तर ११० अंशांचं पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. अर्धा तास थांबा, जाड फडकं घ्या, पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, सुस्कारा संपू द्या.

"थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे काय बर्फ पडतो?" हा सल्ला तर गॅरेजमधूनच येतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ किंवा ८८ अंशांना उघडतो आणि तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येतं. तो काढला की काटा खाली राहतो, मालक खूश होतो आणि इंजिन कायम सर्दी झाल्यासारखं जादा पेट्रोल पीत राहतं. अडकलाय असा संशय असेल तर काढून पाण्याच्या पातेल्यात टांगा, खाली गॅस, बाजूला थर्मामीटर. त्याच्यावर छापलेल्या आकड्याजवळ तोंड उघडायला हवं. पातेलं मात्र चहाचं घेऊ नका.

घाटात काटा वर चढायला लागला तर एसी बंद करा आणि हिटर पूर्ण चालू करा, पंखा चारवर. मे महिन्यात, खंबाटकीत, काचा उघड्या टाकून हिटर लावणारा माणूस वेडा दिसतो, पण हिटर हा छोटा जादा रेडिएटरच आहे. तेवढ्यानं बरेचदा माथा गाठता येतो. वाफ दिसली किंवा काटा लाल पट्ट्यात गेला तर मात्र बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. बोरघाटात शिंगरोबाच्या देवळापाशी पैसे टाकून पुढे जाण्याची रीत आहे. ती जरूर पाळावी, पण निघण्यापूर्वी होज हातानं दाबूनही बघावा. बोटाखाली कुरकुरला किंवा फुगून मऊ पडला असेल तर देवाला त्रास न देता बदलावा. आणि लालबुंद इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतू नये. हेड वाकतं, क्वचित तडकतं.

दसऱ्याला वेगळंच संकट. खंडेनवमीला डिकीतला जॅक आणि पाना वर्षातून एकदा उजेड बघतात. तेवढ्यात स्टेपनीची हवा बघून घ्यावी. दसऱ्याला गाडी धुऊन, हळदकुंकू लावून, पुढच्या जाळीवर झेंडूची घसघशीत माळ बांधली जाते. म्हणजे रेडिएटरला हवा मिळण्याच्या एकमेव दारावर पडदा. माळ बॉनेटवर बांधा, नाहीतर महामार्गाला लागण्याआधी सोडा. पाकळ्या आत गेल्याच तर इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं हलक्या पाण्यानं धुवाव्यात. जोरदार फवाऱ्यानं पंखांच्या पत्र्या आडव्या होतात. गणपतीबाप्पाचं वाहन आपल्या वाहनात घर करतं, तो प्रश्न याच दिवसांत डोकं वर काढतो. एअर फिल्टरच्या डब्यात कापूस आणि शेंगांची टरफलं सापडली की समजावं. तंबाखूची पानं कापडात बांधून बॉनेटमध्ये ठेवतात. उंदीर चार दिवस बिचकतो, मग त्यालाही सवय लागते. वायरी तपासणं सुटत नाही.

आणि पावसाळा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशीची एक गोष्ट अजून पुरेशा लोकांपर्यंत पोचलेली नाही : पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नसतो. हवेच्या पाइपातून पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतोच आणि वाकते ती कनेक्टिंग रॉड. ढकलून कोरड्यावर न्या, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. मग मिस्त्रीला प्लग काढून इंजिन फिरवू द्या, म्हणजे पाणी पिचकारीसारखं बाहेर येईल. तेल बदलल्याशिवाय चालू करू नका. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, इंजिनाचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

एवढं सगळं सांगून होतं तेव्हा साडेअकरा झालेले असतात. प्लग पेपरवर मांडलेले, फिल्टर पालथा निथळत ठेवलेला, कोपरापर्यंत हात काळे. गर्दीतून सगळ्यात मागचा, आतापर्यंत गप्प असलेला सभासद पुढे येतो आणि विचारतो,

"ॲव्हरेज किती देते?"

टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, दोन-तीनशे किलोमीटर फिरून त्याच पंपावर परत फुल करा, भागाकार करा, हे उत्तर कुणालाच नको असतं. मग मी म्हणतो, "बावीस." ते मान हलवतात आणि म्हणतात, "आमची चोवीस द्यायची."