जिंकायचंय? आधी स्क्रीनशॉट काढायला शिका

ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे प्रोसेसर-रॅम ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायच्या, स्पर्धांत नव्याने उतरताय? या, बसा. प्रोसेसर मागाहून घ्या, व्होल्टेज-बिल्टेज मागाहून शिका. आधी स्क्रीनशॉट काढायला शिका. निकालाचा पुरावा म्हणून तोच पाठवायचा असतो. मी हे उलट्या क्रमाने केलं आणि गेल्या आठवड्यात त्याचं फळ पदरात पडलं.

स्पर्धा होती सुपर पाय 32एमची, म्हणजे मशीनला गणितातल्या पायचे (π) आकडे काढायला लावून वेळ मोजणाऱ्या बेंचमार्कची. पायची 3 कोटी 35 लाख दशांश स्थळं, 24 फेऱ्या, एकच थ्रेड, आणि प्रोसेसरला 5 गिगाहर्ट्‌झचं कुंपण. असं कुंपण असलं की मला बरं वाटतं. ज्याला नशिबाने सोनेरी चिप लागलीय तो आणि ज्याला दगड लागलाय तो, दोघं एका रेषेवर उभे राहतात. मग खेळ उरतो रॅमच्या टायमिंगचा (ती किती थांबून उत्तर देते त्याचा), कॅशेचा, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातल्या मेमरीचा, आणि विंडोजची किती सालं सोलता येतात त्याचा. कूलिंगलाही कुंपण होतं: हवा किंवा पाणी, खोलीच्या तापमानाखाली जायचं नाही. तीन आठवडे रात्री जागून मी एकेक टायमिंग आवळत बसलो होतो. बाविसाव्या फेरीला ‘नॉट एक्झॅक्ट इन राउंड’ (गणित चुकलं, रन फुकट) म्हणजे काय, हे ज्याने भोगलंय त्याला सांगायला नको. शेवटी दुसऱ्या नंबरवर पोचलो. पहिल्याशी फरक सेकंदाच्या दशांशांत.

मग तपासणाऱ्यांनी माझा स्कोअर उडवला.

कारण विचारलंत? मशीनमध्ये काय आहे ते दाखवणाऱ्या सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबवर सुपर पायच्या खिडकीचा कोपरा चढला होता. त्याखाली कमांड रेटची ओळ झाकली गेली. रॅमला हुकूम द्यायला एक ठोका लागतो (1टी) की दोन (2टी), ते सांगणारी. नियम स्पष्ट आहे, मी तो मोडला, मान्य. 1टी होतं की 2टी, हे न कळता जगाने झोपायचं कसं?

पहिल्या नंबरच्या स्क्रीनशॉटमध्ये मात्र सगळ्या खिडक्या शाळेच्या प्रार्थनेसारख्या रांगेत उभ्या. मागे स्पर्धेचा वॉलपेपर. सीपीयू-झेडचे दोन्ही टॅब उघडे, एकही कोपरा कशावर नाही. आणि तापमानाच्या खिडकीत, प्रोसेसर रिकामा असताना, 7 अंश सेल्सियस. तो स्कोअर जागच्या जागी आहे. तर पहिला सल्ला हाच: खिडक्या नीट लावा. खिडकीत काय दिसतं याची फार काळजी करू नका.

दुसरा सल्ला घड्याळाचा. धावण्याच्या शर्यतीला एखादा स्वतःचं स्टॉपवॉच घेऊन आला आणि ‘वेळ मीच सांगतो’ म्हणाला, तर त्याला मैदानाबाहेर काढतील. आपल्या खेळात हाच रिवाज आहे. ज्या मशीनचा वेग मोजायचा, त्यालाच विचारायचं, ‘बाबा रे, किती वेळ लागला?’ ही सोय ओळखा. 2013 साली विंडोज 8 ने तर ती घरपोच दिली होती. बूट झाल्यावर विंडोजच्या आतून बेस क्लॉक, म्हणजे मशीनचा मूळ ठोका, खाली आणला की वेळ मोजणारं घड्याळही त्याच प्रमाणात रेंगाळायचं. बेस क्लॉक 6 टक्के खाली, मल्टिप्लायर, म्हणजे प्रोसेसर त्या ठोक्याला ज्या आकड्याने गुणतो तो, तेवढाच वर. प्रोसेसर पूर्वीच्याच वेगाने पळतोय आणि घड्याळ 100 सेकंदांना 94 म्हणतंय. व्होल्टेज वाढवलं नाही, थंड करायला द्रव नायट्रोजन ओतला नाही, एक थेंब घाम नाही, आणि निकाल सहा टक्क्यांनी सुधारला. जगभरच्या ओव्हरक्लॉकर्सचे निकाल नोंदवणाऱ्या एचडब्ल्यूबॉट या साइटने त्या ऑगस्टमध्ये विंडोज 8 वरचे निकाल सरसकट बाद केले. त्यात सरळमार्गी लोकांचेही गेले, कारण खरं घड्याळ आणि रेंगाळणारं घड्याळ स्क्रीनशॉटमध्ये अगदी सारखं दिसतं. हे वाक्य लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

नंतर बेंचमेटसारखी साधनं आली. ती बेंचमार्कच्या शेजारी बसतात आणि मशीनमधले वेगवेगळे टायमर एकमेकांशी ताडून पाहतात. फार चोंबडा प्रकार. जिथे ते सक्तीचं नाही अशीच स्पर्धा निवडा.

रिगचा, म्हणजे मांडलेल्या मशीनचा, फोटो मागितला तर मोबाइल थोडा हलवा.

एकच भारी चिप असेल तर ती टीममध्ये पाच जणांत फिरवा. एका हार्डवेअरवर अनेकांनी पॉइंट घ्यायचे नाहीत असा नियम आहे खरा, पण सीपीयू-झेड काही चिपची जन्मपत्रिका दाखवत नाही. शिवाय टीममध्ये जिव्हाळा वाढतो.

शब्द जपून वापरा. ‘चीटिंग’ हा शब्द गरिबांसाठी आहे. 2003 च्या मे महिन्यात थ्रीडीमार्क 03 हा ग्राफिक्सचा बेंचमार्क बनवणाऱ्या फ्यूचरमार्कने दाखवून दिलं की एनव्हिडियाचा ग्राफिक्स कार्ड चालवणारा ड्रायव्हर त्या बेंचमार्कला ओळखतो. टेस्टमधला कॅमेरा ठरलेल्या वाटेनेच फिरतो, मग वाटेवरून न दिसणारा भाग काढायचा कशाला? ड्रायव्हर तो काढतच नव्हता. कॅमेरा मोकळा सोडून दुसरीकडे वळवला की दृश्याच्या चिंध्या दिसायच्या. ओळख पुसणारा पॅच आला तेव्हा त्यांच्या वरच्या कार्डाचा स्कोअर सुमारे 24 टक्क्यांनी घसरला. आणि जूनमध्ये दोघांचं संयुक्त निवेदन आलं की हे चीटिंग म्हणू नये, हे ‘ॲप्लिकेशनसाठी खास ऑप्टिमायझेशन’ आहे. काय भाषा आहे! माझ्या कमांड रेटच्या ओळीचंही मी ऑप्टिमायझेशनच केलं होतं, हे मला वेळेवर सुचलं नाही.

टेसलेशन, म्हणजे दृश्यातले आकार बारीक करून तपशील वाढवणारं, कार्डाला दमवणारं काम, ड्रायव्हरमधून बंद करणं पाप की पुण्य? एचडब्ल्यूबॉटवर चालतं, थ्रीडीमार्कच्या हॉल ऑफ फेममध्ये चालत नाही. म्हणजे पाप-पुण्य कुठे अपलोड करताय त्यावर आहे. अपलोड करण्याआधी देव निवडा.

सँडबॅगिंगबद्दल लोक उगाच बोटं मोडतात. स्कोअर पहिल्या दिवशीच काढून ठेवायचा आणि मुदत संपायला दोन मिनिटं असताना टाकायचा, यात नियम कुठलाच मोडत नाही. समोरच्याला उत्तर द्यायला वेळ राहत नाही, तपासणाऱ्याला शंका घ्यायला राहत नाही. मीही केलंय. एकदा तर इतका थांबलो की अपलोडच झालं नाही. त्या दिवशी मला न्यायावर जरा विश्वास वाटला होता.

आता मुख्य विषय, थंडी.

खोलीच्या तापमानाची अट असलेल्या स्पर्धेत तुम्ही बर्फाचं पाणी फिरवू शकता. चिलर लावू शकता. कोणी विचारलं तर तीन उत्तरं तयार ठेवा. एक: ‘आमच्याकडे फार थंडी आहे.’ दोन: ‘खिडकी उघडी होती.’ तीन: ‘सेन्सर खोटं सांगतो.’ हीच तीन उत्तरं मी या आठवड्यात याच क्रमाने ऐकली, आणि तिन्ही मान्य झाली. आता जरा हिशेब मांडा. उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते. प्रोसेसर रिकामा बसला तरी थोडी वीज खातोच, म्हणजे तो त्याच्यावरून फिरणाऱ्या पाण्यापेक्षा थोडा तरी गरम असणार. पाणी रेडिएटरमधून खोलीत उष्णता टाकतं, म्हणजे पाणी खोलीपेक्षा थोडं तरी गरम असणार. प्रोसेसर 7 अंशांवर असेल तर पाणी त्याच्या खाली, आणि खोली पाण्याच्याही खाली. म्हणजे हा माणूस 3-4 अंशांच्या खोलीत तासन्‌तास बसून, बधिर बोटांनी, टायमिंग बदलत होता? आणि बसला असेल तर त्याला पहिला नंबर नको, शौर्यपदक द्या! सेन्सर खोटं सांगतो म्हणता? सांगतो की. चिपमधला सेन्सर वरच्या टोकाला, जिथे जळायची भीती असते, तिथे नीट चालावा म्हणून बनवलेला असतो, खालच्या टोकाला तो घसरतो. काही अंश इकडे तिकडे, मान्य. पण मग नियम लिहिताना तापमानाची खिडकी स्क्रीनशॉटमध्ये मागितलीत कशाला? शोभेला? जो आकडा तुम्ही स्वतः मागवता आणि समोर आल्यावर ‘याच्यावर विश्वास ठेवता येत नाही’ म्हणता, तो आकडा भरायला लावता कशाला?

आणि ‘फ्रिक्वेन्सी तर सगळ्यांना 5 गिगाहर्ट्‌झच होती, थंडीने काय फरक पडतो’ हे कृपया मला सांगू नका. कोअर बांधलेला होता. कॅशे बांधलेली नव्हती, मेमरी कंट्रोलर बांधलेला नव्हता, रॅम बांधलेली नव्हती. थंडी मिळाली की ते सगळं वर चढतं, आणि 32एमचा निकाल तिथेच ठरतो. सेकंदाचे दशांश तिथूनच येतात. ज्याने हा बेंचमार्क दहा वेळा चालवलाय त्याला हे ठाऊक आहे. तपासणाऱ्यांनाही ठाऊक आहे. मी लिहिलं तेव्हा उत्तर काय आलं? ‘खोलीचं तापमान किती असावं हे नियमात लिहिलेलं नाही.’ आणि कमांड रेटची ओळ दिसली पाहिजे हे लिहिलेलं आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही, फक्त संन्याशाच्या कागदपत्रांत एक ओळ झाकली गेली होती, एवढंच.

आता सल्लेबिल्ले बास.

या खेळात विचित्र गोष्टी कमी नाहीत, आणि मला त्यांचा राग नाही. 2011 साली एफएक्स-8150 ला 8.429 गिगाहर्ट्‌झवर नेलं तेव्हा आठातले दोनच कोर चालू होते, आणि वर उणे 269 अंशांचं द्रव हेलियम. 2022 च्या डिसेंबरात आय9-13900के ने 9 गिगाहर्ट्‌झ ओलांडलं, तेही हेलियमवरच. त्या मशीनवर कोणी एक पत्रही टाइप करू शकलं नसतं. पण त्यांनी सांगून केलं: एवढे कोर बंद, हे द्रव, ते ओतायचा हा पॉट, ही चिप. ज्याला जमेल त्याने यावं. विंडोज एक्सपीवर फाइल कॉपी करून कॅशे भरायची, सर्व्हिस बंद करायच्या, रजिस्ट्री कोरायची, हेही सगळं सर्वांना माहीत असलेलं. तासभर बसलात तर कोणीही शिकवतो. खेळ तोच आहे.

तपासणाऱ्यांना एकच सांगायचंय. तुम्ही फुकट काम करता, रात्री जागून शेकडो स्क्रीनशॉट बघता, हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल आदर आहे. पण खिडकी झाकली आहे का हे बघणं सोपं आहे म्हणून तेवढंच बघायचं, आणि अवघड प्रश्न आला की नियमाच्या शब्दामागे लपायचं, याला तपासणं म्हणत नाहीत. खोलीत थर्मामीटर ठेवा आणि तो रन चालू असताना फोटोत दिसू दे, एवढी एक ओळ नियमात घालायला किती वेळ लागतो? मी दोन वर्षं हीच ओळ मागतोय.

आणि तू. हो, तूच, पहिला नंबर. तुझं नाव मी लिहिणार नाही, पण तू हे वाचतोयस हे मला ठाऊक आहे. इथे पैसे नाहीत, नोकरी नाही, शेजाऱ्याला सांगितलं तर त्याला कळतही नाही आपण काय करतो ते. जगात फार तर काही हजार माणसांना 32एमच्या त्या दशांशांचं मोल कळतं, आणि तू नेमकं त्यांनाच फसवलंस. लाज वाटायला हवी. खिडकी उघडी होती म्हणालास ना? मग तुझ्या रिगचा फोटो पुन्हा एकदा बघ. तो तू छान स्वच्छ काढलायस, मोबाइल जराही हललेला नाही. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या भोवती टिश्यू पेपर कोंबलेले आहेत. चांगला जाड थर, मेमरीच्या स्लॉटपर्यंत. खोलीइतक्याच गरम असलेल्या वस्तूवर दव धरत नाही रे. ते धरतं खोलीपेक्षा थंड वस्तूवर. खिडकी उघडी ठेवून बसणाऱ्या माणसाला सॉकेट पुसायला टिश्यू लागत नाहीत.

माझा कमांड रेट 1टी होता. मूळ फाइल माझ्याकडे आहे, खिडकी बाजूला सरकवून दुसरा रनही केलाय, कोणीही मागा, देतो. तू ते टिश्यू काढ आणि खाली काय आहे त्याचा फोटो टाक.